कोटा भरल्यावर बंद की तारखेला बंद?

धरणावरच्या मच्छीमार संस्थेत हा विषय निघाला की दोन गट पडतात. एक म्हणतो, वर्षाला किती टन मासा काढायचा ते आधी ठरवा आणि तेवढा निघाला की मासेमारी बंद. दुसरा म्हणतो, पावसाळ्यातल्या बंदीची तारीख धरा, जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा ठेवा आणि वजनाच्या मागे लागू नका. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या धरणावर दोन्ही करून झालं आहे. ज्यांच्या संस्थेला यंदा ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कागदावर कोटा सरस आहे, हे मान्य. तारखेची बंदी माशाला अंडी घालायला सवड देते, पण उरलेल्या महिन्यांत किती उपसा होतो त्याला लगाम नाही. समुद्रात मोठ्या बोटी एकाच जातीच्या माशामागे लागतात, तिथे कोट्यावाचून भागायचं नाही. पेरूमध्ये अँकोव्ही या लहान समुद्री माशाचा कोटा हंगामागणिक ठरतो. २०२३ मध्ये पाहणीत लहान मासळीच फार आढळली, तेव्हा तिथल्या सरकारने मुख्य पट्ट्यातला पहिला हंगामच रद्द केला. नुसती तारीख पाळून असा निर्णय होत नाही.

मला कोटा नकोसा झाला तो बंदच्या रात्रीमुळे. आमची जाळी संध्याकाळी लागतात, पहाटे उचलतात. मासा धरणाच्या वेगवेगळ्या काठांवर उतरतो, वजनं वेगवेगळ्या वह्यांत चढतात. बेरीज होऊन ‘कोटा भरला’ असा निरोप येईपर्यंत पुढची जाळी पाण्यात गेलेली असतात. सकाळी त्यात कटला, रोहू अडकून मेलेले. विकले तर नियम मोडला, फेकले तर धरणाचंही नुकसान आणि घराचंही. त्या माशांचं काय करायचं, यावर सभेत दरवेळी भांडण व्हायचं आणि तोड कधीच निघाली नाही.

त्यात कोटा सगळ्यांचा मिळून. शेजाऱ्याने आधी काढला तर आपल्या वाट्याला काही उरणार नाही, या धास्तीने जो तो जादा जाळी लावतो. उन्हाळ्यात पाणी आटून मासा थोड्या जागेत गोळा झालेला असतो, म्हणून कोटा भराभर भरतो; मासा भरपूर आहे असा त्याचा अर्थ नव्हे. सगळा माल एकदम बाजारात आला की भाव पडतो.

अमेरिकेतल्या अलास्कात हॅलिबट या मोठ्या चपट्या समुद्री माशाचं असंच झालं होतं. धावाधाव इतकी वाढली की १९९० च्या सुमारास काही भागांत वर्षाकाठी चोवीस-चोवीस तासांचे दोन-तीनच हंगाम उरले. १९९५ पासून प्रत्येकाचा हिस्सा आधीच वाटून दिला, तेव्हा हंगाम पुन्हा कित्येक महिन्यांचा झाला. तुमच्याकडे मासा उतरवायची एकच जागा असेल आणि वजनकाट्यावरचा माणूस सर्वांना मान्य असेल, तर असा वाटून दिलेला कोटा जरूर करून पाहा. तिथे तो माझ्या पसंतीपेक्षा चांगलाही ठरेल.

बाकी ठिकाणी मी तारखेकडेच झुकेन. ती सगळ्यांना आधीपासून माहीत असते, त्यामुळे आदल्या सकाळी जाळी उचलून काठावर मोजता येतात. मात्र आसाबाबत सूट देऊ नका आणि माणशी जाळ्यांची संख्या बांधून द्या. नाहीतर धरणात सोडलेली बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) मोठी व्हायच्या आतच बाजारात दिसते.