पुढचा एक दाता कमी केल्यावर: चिपळूणच्या एका गॅरेजचा अनुभव

गुहागरहून चिपळूण आणि पुढे कुंभार्ली घाट चढून पाटण, असा माझा महिन्यातून चार-पाच वेळा प्रवास होतो आणि आंब्याच्या दिवसांत मागच्या सीटवर दोन पेट्या बांधलेल्या असतात. माझी दीडशे सीसीची मोटारसायकल सपाटीला उत्तम चालते, परंतु घाटातल्या वळणांवर तिसऱ्या गियरमध्ये तिचा दम सुटतो आणि दुसऱ्यात टाकली की ती नुसती ओरडते. म्हणून मार्चमध्ये चिपळूणच्या एका गॅरेजमध्ये पुढचे, म्हणजे इंजिनाकडचे, १४ दात्यांचे स्प्रॉकेट (चेन ज्यावरून फिरते ते दातेरी चाक) काढून १३ दात्यांचे बसवून घेतले.

मागच्या चाकावरच्या स्प्रॉकेटला ४२ दाते आहेत. आधी पुढचे स्प्रॉकेट तीन वेळा फिरले की मागचे चाक एकदा फिरत असे. आता त्याच एका फेऱ्यासाठी पुढच्याला ३.२३ फेरे घ्यावे लागतात. म्हणजे प्रत्येक गियरमध्ये चाकाला मिळणारी ओढ सुमारे ७.७ टक्क्यांनी वाढली आणि तितक्याच प्रमाणात इंजिनाचे फेरेही वाढले. मागे दाते वाढवून हाच परिणाम साधायचा, तर तिथे तीन दाते वाढवावे लागतात. मोठे स्प्रॉकेट महाग पडते आणि चाक पुढे सरकवायला जागा नसेल तर चेनही लांब घ्यावी लागते. पुढचा दाता कमी केल्यावर उलट चेन किंचित सैल होते आणि चाक तीनेक मिलिमीटर मागे ओढले की काम भागते. लहान स्प्रॉकेटवर चेनला अधिक वाकावे लागते, त्यामुळे ती थोडी लवकर झिजते, ही या स्वस्ताईची किंमत.

मिस्त्रींचे हात चांगले आहेत. नवे स्प्रॉकेट शाफ्टवर चढवण्यापूर्वी त्यांनी दोन्ही एकावर एक ठेवून आतल्या खाचा जुळवून पाहिल्या, स्प्रॉकेट जागेवर धरणाऱ्या लॉक प्लेटचे दोन्ही बोल्ट काढून ब्रशने धुतले, आणि चेनची दोन टोके जोडणाऱ्या जोडकडीची क्लिप लावताना तिची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते तिकडेच आहे ना, हे चेन हाताने फिरवून तपासले. उघडे तोंड त्या दिशेला राहिले तर क्लिप निसटण्याचा धोका असतो; घाईत काम करणाऱ्यांकडून ही चूक मी पूर्वी पाहिली आहे.

तक्रार आहे ती सल्ल्याविषयी. माझी चेन १८ हजार किलोमीटर चाललेली होती, खारी हवा आणि जांभ्याची लाल धूळ यांनी तिच्या कड्या ताणल्या होत्या, आणि मागच्या स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला झुकून आकड्यासारखे झाले होते. अशा चेनवर नवे स्प्रॉकेट बसवले की ते जुन्याच्या मापाने झिजू लागते, हे त्यांना ठाऊक असणारच, पण त्यांनी ते सांगितले नाही. जूनपर्यंत वेग कमी करताना खालून कटकट ऐकू येऊ लागली आणि अखेरीस पूर्ण चेनसेट, म्हणजे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, बदलावा लागला. दुसऱ्या खेपेला मजुरी घेतली नाही, हे मात्र नमूद केले पाहिजे.

घाटातला फरक स्पष्ट आहे. पेट्या लादलेल्या असतानाही आता बहुतेक वळणे तिसऱ्यात निघतात आणि चढावर थांबून पुन्हा सुटताना क्लच तेवढा घासावा लागत नाही. महामार्गावर मात्र टॉप गियरमध्ये ६० च्या वेगाला पूर्वी इंजिनाचे मिनिटाला ५००० फेरे दिसत, ते आता ५४०० च्या आसपास दिसतात. ७५ च्या पुढे गेले की पायाखाली कंप जाणवतो आणि ॲव्हरेज लिटरला तीनेक किलोमीटरने उतरले. माझ्या गाडीचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावर चालतो, म्हणून त्याचा आकडा बदलला नाही. ज्यांच्या गाडीत तो गियरबॉक्सवरून चालतो, त्यांना प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग आणि जास्त किलोमीटर दिसतील, हे मिस्त्रींनी न विचारता सांगितले. चेनविषयीही तसेच सांगितले असते तर माझा एक हेलपाटा वाचला असता.

मुंबई-गोवा महामार्गावर रोज लांब पल्ला गाठणाऱ्याने हा बदल करू नये. गॅरेजला जायचे असल्यास सकाळी लवकर जावे आणि मिस्त्रींना आधी चेन किती ताणली आहे ते मोजायला लावावे. जुने १४ दात्यांचे स्प्रॉकेट मी मागून घेतले आहे. ते ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडवीतल्या फळीवर ठेवले आहे.