दाबोळी की मोपा? तिकिटाआधी रस्ता बघा

मुंबई-गोवा विमान शोधलं की एकाच यादीत दोन विमानतळ येतात. शेवटचं एक अक्षर सोडलं तर दोघांच्या कोडमध्ये फरक नाही: दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. घाईत तिकीट काढणाऱ्याची नजर भाड्यावर असते, त्या अक्षरावर नसते.

हवेतून पाहिलं तर निवडायला फारसं काही नाही. मुंबईहून दाबोळी सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, मोपा त्याहून चाळीसेक किलोमीटर अलीकडे. जेट विमानाला हे अंतर म्हणजे तीन-चार मिनिटं. दोन्हीकडे वेळापत्रकात साधारण सव्वा तासच धरलेला असतो. पण याच दोन विमानतळांमधलं रस्त्याचं अंतर साठ किलोमीटरच्या वर आहे आणि पर्वरीत गाड्या तुंबल्या की दीड तासातही ते उरकत नाही.

म्हणून आधी मुक्काम कुठे ते ठरवा. हरमल, मांद्रे, मोरजी किंवा पेडण्यात कुठेही उतरणार असाल तर मोपाच. सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ल्याच्या माणसांनाही तेच जवळ; सावंतवाडी तिथून वीस-पंचवीस किलोमीटर, दाबोळीहून मात्र ऐंशीच्या घरात. मालवणला जाणाऱ्यांनी चिपीच्या सिंधुदुर्ग विमानतळाचं वेळापत्रकही बघावं, पण तिथल्या फेऱ्या कमी-जास्त होत असतात. मडगाव, कोलवा, काणकोण असेल तर दाबोळी, दुसरा विचार नको. मडगाव तिथून पंचवीसेक किलोमीटर आहे. पणजीला दोन्ही चालतात, स्वस्त असेल ते घ्या.

खरा घोळ होतो तो कुलदैवताला जाणाऱ्यांचा. मंगेशी दाबोळीहून तीसेक किलोमीटर, मोपाहून पंचावन्नच्या आसपास. मी आईला घेऊन गेलो तेव्हा माणशी सातशे रुपये वाचले म्हणून सकाळचं मोपाचं तिकीट काढलं. वाचलेले पैसे टॅक्सीत गेलेच, शिवाय वाटेत उशीर झाला. आई ओटीची पिशवी मांडीवर धरून सारखी घड्याळ बघत होती. देवळात पोहोचलो तेव्हा दुपारची आरती आटोपली होती. ती काही बोलली नाही, पण मला ते अजून लागतं.

आठवड्यातल्या दिवशी सकाळी दाबोळीचं विमान सहसा मिळतही नाही. ती धावपट्टी नौदलाच्या आयएनएस हंसा या तळाची, सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास त्यांच्या सरावासाठी राखीव असतात. त्यामुळे देवदर्शनाला जाणाऱ्यांना माझं सांगणं असं: आदल्या संध्याकाळचं दाबोळीचं विमान घ्या, देवस्थानच्या अग्रशाळेत खोली आधी सांगून ठेवा आणि सकाळी आंघोळ करून निवांत देवळात जा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना तर असंच करा.

मोपा जानेवारी 2023 मध्ये प्रवाशांसाठी सुरू झालं. इमारत प्रशस्त आहे, धारगळहून वर येणारा नवा रस्ताही चांगला आहे, आणि कदंबच्या (गोवा सरकारच्या) बस म्हापसा-पणजीकडे जातात. सामान कमी असेल तर बसच घ्या, दोन्हीकडे टॅक्सीचं भाडं विमानाच्या तिकिटाला गाठू शकतं.

येताना-जाताना वेगवेगळे विमानतळ घेतलेत तर परतीच्या तिकिटावरचा कोड घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, आणि टॅक्सीवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ न म्हणता दाबोळी की मोपा ते नाव घेऊन सांगा.