४३ इंची स्मार्ट टीव्ही, आठ महिन्यांनंतर: एक दाब आणि चोवीस दाब

चवथीच्या तीन दिवस आधी, २४ ऑगस्ट २०२५ ला, फोंड्यातून हा ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला. २५,६०० रुपये, भिंतीला लावून. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतल्या दोन-तीन मॉडेलांत डावं-उजवं एवढाच फरक आहे आणि माझी तक्रार सगळ्यांनाच लागू पडेल. रॅम किती, पोर्ट किती, ते खोक्यावर छापलेलं असतंच. मी खोक्यावर नसलेलं सांगतो.

आधी पैशांचं दुखणं. २२ सप्टेंबरला ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. माझ्या बिलावर मूळ किंमत २०,००० आहे, म्हणजे महिनाभर थांबलो असतो तर बरोब्बर २,००० रुपये वाचले असते. पण चवथीला मुंबईचे पाहुणे येणार आणि भिंत रिकामी दिसणार, ही आईची काळजी. त्या दोन हजारांत माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सगळं सामान आलं असतं. असो. (असो म्हटलं तरी गेलं नाहीय डोक्यातून.)

पहिल्या महिन्यात मी याला चार तारे दिले होते आणि त्यातला चित्राचा तारा अजून कायम आहे. वाड्यावरच्या जत्रेतल्या नाटकाचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर होतं. माझा भाचा त्यात दुसऱ्या अंकात सरदार होऊन येतो, त्याची चिकटवलेली मिशी एका बाजूने सुटत चाललेली अगदी स्वच्छ दिसली. आवाज मात्र पंख्याखाली ऐकू येत नाही. ऑक्टोबरातल्या गडगडाटात शेजाऱ्यांचा राउटर जळला, हा टीव्ही वाचला. मी प्लग काढून ठेवतो, त्यामुळे श्रेय त्याला द्यावं का मला, ते ठरत नाही.

भानगड सुरू झाली शिगम्याच्या आठवड्यात. रात्री आपोआप अपडेट आला आणि सकाळी टीव्ही कंपनीच्या चिन्हापुढे जाईना. चिन्ह, काळोख, चिन्ह, काळोख. कस्टमर केअरला फोन केला. तिसऱ्या दिवशी मडगावहून मुलगा आला, मी ऑफिसात. त्याने टीव्ही पाहिला, ‘बोर्ड मागवावा लागेल’ म्हणाला आणि आईकडे ओटीपी मागितला. पोर उन्हातून आलेलं, म्हणून आईने सोलकढी दिली, ओटीपीही दिला. दहा मिनिटांत मला मेसेज: ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे.’ टीव्ही तिकडे चिन्ह, काळोख, चिन्ह, काळोख. वाचकहो, घरात ज्यांच्या हातात फोन असतो त्यांना आधीच सांगून ठेवा: ओटीपी म्हणजे काम झाल्याची सही. टीव्ही चालू झाल्याशिवाय ती सही करायची नाही.

दुसऱ्या तक्रारीवर दुसरा मुलगा आला. हा शहाणा. बोर्डबिर्ड काही नाही, टीव्हीमागचं बारीक बटण पिनेने दाबून धरलं, सगळं पुसून नव्यासारखं केलं, फुकटात. मी खूश होऊन परत चार तारे द्यायच्या बेतात होतो. तेवढ्यात पडद्यावर अटींचं पान आलं, आणि त्याने माझ्याकडे न बघताच रिमोट उचलून ‘सर्व मान्य’ दाबलं. मी म्हटलं, ‘अहो, थांबा.’ तो म्हणाला, ‘सर, सगळ्यांकडे हेच करतो, नाहीतर पुढे जात नाही.’ तेव्हा आठवलं, ऑगस्टात दुकानातून बसवायला आलेल्यानेही असंच केलं होतं. म्हणजे संमती दोनदा दिली गेली, आणि दोन्ही वेळा बोट माझं नव्हतं.

तो गेल्यावर मी ते पान शोधून वाचलं. टीव्हीच्या मेनूत भाषा मराठी ठेवता येते, बटणं मराठीत येतात, पण अटी इंग्रजीत आणि लांबी आमच्या अंगणापासून देवळापर्यंत. त्यात एक कलम होतं: ‘पाहण्याची माहिती.’ हे चालू असलं की टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे बारीक नमुने घेतो, त्यांचा एक ठसा बनवतो, तो कंपनीच्या सर्व्हरवरच्या ठशांशी ताडून बघतो आणि तुम्ही काय बघताय ते ओळखतो. मग त्यावरून जाहिराती. शेजारच्या काकांचं म्हणणं, टीव्ही आपलं बोलणं ऐकतो. मीही आधी तसंच समजत होतो. निदान हे कलम ऐकण्याचं नाही, बघण्याचं आहे. भाच्याची मिशी त्याला ओळखता येणार नाही, कारण ते नाटक कुणाच्या यादीतच नाही. पण आई सेट-टॉप बॉक्सवर कोणती मालिका किती वाजता बघते, ते कळू शकतं. मला वाटायचं, बॉक्स वेगळा, टीव्ही वेगळा. तसं नाही. २०२४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या आणि इतर विद्यापीठांतल्या संशोधकांनी ब्रिटन आणि अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांचे टीव्ही तपासले, तेव्हा एचडीएमआयने बाहेरून जोडलेल्या यंत्राचं चित्रही असं ओळखलं जात असल्याचं दिसलं. सेटिंग बंद केल्यावर ते थांबलं, हेही त्यांनीच लिहिलं आहे. म्हणून मी बंद करायला गेलो.

आता माझं खरं रडगाणं. चालू करायला एक दाब लागतो. बंद करायला किती, ते मी कागदावर रेघा मारत मोजलं. होम एकदा. उजवीकडे सहा, ओके. खाली पाच, ओके. परत खाली चार, ओके. खाली दोन, ओके. मग पाटी येते, ‘खरंच बंद करायचं?’ आणि निवड आधीपासून ‘नाही’वर बसलेली. डावीकडे एक, ओके. चोवीस. एकदा चुकून ‘मागे’ लागलं की पहिल्यापासून. रिमोटवर चार बटणं अशा ॲप्सची आहेत ज्यांचे पैसे मी भरत नाही. ती तिथे फुकट बसलेली नाहीत, अशा बटणांसाठी ॲपवाले टीव्ही कंपन्यांना पैसे देतात. आवाज एकदम बंद करायचं बटण मात्र माझ्या रिमोटवर नाही. जाहिरात आली की मी आवाज कमी करायच्या बटणावर अंगठा धरून बसतो.

बायको म्हणते, एवढं काय त्या सेटिंगचं, काय बघतो आपण, कीर्तन आणि मॅच. तिचं खरं आहे. पण मला दाबांचा हिशोब खटकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरळ लिहिलंय की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. आणि सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय दिला पाहिजे. त्या अनुसूचीत मराठी आहे, कोंकणीही आहे. म्हणजे आमच्या घरात निम्म्यांनी एकीत आणि निम्म्यांनी दुसरीत वाचली असती. पण नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांना यातल्या मुख्य गोष्टींसाठी अठरा महिने दिलेत. म्हणजे मे २०२७. माझी वॉरंटी ऑगस्ट २०२६ ला संपते. टीव्ही आधी म्हातारा होणार, कायदा मागून येणार. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला ती तारीख २४ ऑगस्ट २०१७. माझ्या बिलाचीही तारीख २४ ऑगस्ट. हे बिल फाइलला लावताना लक्षात आलं.

टीव्ही इतका स्वस्त कसा, याचंही उत्तर मिळालं. अमेरिकेत व्हिझियो कंपनीवर १ कोटी १० लाख टीव्हींवरून लोकांचं बघणं न विचारता गोळा केल्याचा ठपका आला आणि २०१७ मध्ये तिने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. टीव्हीमागे वीस सेंट. तीच कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टने २३० कोटी डॉलरना पूर्ण विकत घेतली, आणि घेताना भर जाहिरातींच्या धंद्यावर होता. माझे दोन हजार जीएसटीत गेले म्हणून मी आठ महिने चरफडतोय, आणि तिकडे खरेदीनंतरही माझ्या भिंतीवरून कमाई चालूच.

मार्चअखेर मी वायफायच तोडलं. आणि इथे मत परत बदललं: टीव्ही सुधारला! सुरू व्हायला जिथे चाळीस सेकंद लागत तिथे बारा लागतात. पहिल्या पानावरच्या जाहिरातींच्या जागी राखाडी चौकोन. पेनड्राइव्ह आणि बॉक्स मजेत चालतात. फक्त दिवेलागणीला एक पट्टी येते, ‘इंटरनेटशी जोडा’, आणि नेमकी बातम्यांच्या मथळ्यांवर बसते. तेवढं चालतं. साडेतीन तारे.

हे इथवर रविवारी लिहून ठेवलं होतं. काल ऑफिसातून आलो तर आई टीव्हीसमोर, आणि पडद्यावर यूट्यूबचं कीर्तन रंगलेलं. वायफाय बंद असताना? शेजारच्या नववीतल्या पोराने स्वतःच्या फोनचं हॉटस्पॉट जोडून दिलं होतं, बदल्यात दोन नेवऱ्या.

‘काही विचारलं का टीव्हीने पडद्यावर?’

‘अटी बदलल्यात म्हणून काहीतरी आलं. खाली निळं बटण होतं, ते दाबलं.’

मी रिमोट घेतला. होम. उजवीकडे एक, दोन, तीन.

‘आधी कीर्तन संपू दे,’ आई म्हणाली.