‘द ब्रूड’ : रुग्णाचा विश्वास आणि डॉक्टरची सत्ता

डेव्हिड क्रोननबर्ग यांचा ‘द ब्रूड’ हा १९७९ सालचा कॅनडातील भयपट मी ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घरी, रात्री उशिरा वीज आल्यावर पाहिला. त्यात खून पुष्कळ आहेत. परंतु मला खरी धडकी भरली ती कुणाचाच खून न होणाऱ्या पहिल्या प्रसंगाने. डॉ. हॅल रॅग्लन हा मानसोपचारतज्ज्ञ मंचावर एका तरुण रुग्णासमोर बसतो, त्याच्या बापाचे सोंग घेतो, त्याच्या दुबळेपणावर बोट ठेवून त्याला टोचत राहतो आणि तो पार कोलमडेपर्यंत थांबत नाही. समोरची मंडळी मात्र हे सारे उपचार म्हणूनच पाहत असतात. देवऋषीपुढे, अख्ख्या गावादेखत, अंगात आलेल्या बाईला ‘कोण आहेस, बोल’ असे दरडावून विचारलेले मी लहानपणी पाहिले आहे, आणि तिचा छळ चालला आहे असे तिथेही कुणाच्या मनात आले नव्हते. ऑलिव्हर रीड यांनी रॅग्लनचा आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ मायेचा ठेवला आहे, म्हणूनच तो अधिक घातक वाटतो.

दाबलेला राग शरीरावर उमटू द्यावा, ही रॅग्लनची उपचारपद्धती. त्यासाठी नोला या रुग्णेला तो संस्थेत एकटी ठेवतो आणि तिच्या नवऱ्यालाही भेटू देत नाही. कुणाला भेटावे आणि कुणाला नाही, हे ठरवण्याचा हक्क आपल्याकडील २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला देतो. नोलाच्या बाबतीत तो डॉक्टरने बळकावलेला आहे, आणि पुढचा सारा अनर्थ त्या बंद दारामागेच वाढतो.

उत्तरार्धात मात्र चित्रपट नोलावर अन्याय करतो. क्रोननबर्ग यांनी स्वतःच्या घटस्फोटाच्या आणि मुलीच्या ताब्यावरून झालेल्या भांडणाच्या काळातून ही कथा लिहिली, आणि ती कटुता पडद्यावर लपत नाही. लहानपणी आईचा मार खाल्लेली ही बाई शेवटी निव्वळ राक्षसीण उरते, तर ज्याने तिला या थराला नेले त्या रॅग्लनला नोलाच्या मुलीच्या सुटकेसाठी धावणाऱ्याचे मरण मिळते. सॅमँथा एगर यांचा अभिनय तिची बाजू काही अंशी सावरतो.

हा चित्रपट पाहून समुपदेशनाचीच धास्ती घेऊ नये, विशेषतः कर्जापायी माणूस गमावलेल्या घरांनी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलायला पैसे लागत नाहीत. एका प्रसंगात भर वर्गात, चिमुकल्यांच्या डोळ्यांदेखत, शिक्षिकेचा खून होतो, तेव्हा घरची लहान मुले झोपल्यावरच चित्रपट लावावा.