मोनोमेटल, बायमेटल की टायटॅनियम? महागडा यो-यो घेण्याआधी

आमच्या इमारतीच्या गच्चीवर संध्याकाळी एक कॉलेजातला मुलगा यो-यो खेळायला येतो. दिवाळीनंतर एकदा मला म्हणाला, "काका, शिकवण्या घेऊन बावीस हजार जमवलेत. टायटॅनियमचा घेऊन टाकू का?" मी त्याच्या हातातला यो-यो मागून घेतला. ६०६१ या साध्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा, चारेक हजारांचा, कडेला तीन पोचे. फिरवून नखाने कड चाचपली तर थरथर जवळजवळ नाहीच. म्हटलं, "हा कुठे कमी पडतो ते सांग, मग पुढचं बोलू." त्याला पटकन काही सांगता येईना.

माझ्याकडे मोनोमेटल (पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा), बायमेटल (अ‍ॅल्युमिनियमवर स्टीलची कडी) आणि टायटॅनियम अशा तिन्ही जातींचे यो-यो आहेत. टायटॅनियमचा सेकंडहँड आहे, नवा घ्यायची माझी छाती झाली नाही. मग तीन रविवार आम्ही एकच कॉम्बो, म्हणजे सलग जोडलेल्या करामती, आळीपाळीने तिन्हींवर केला. सुरुवात साध्या माउंटने (फिरता यो-यो दोरीवर बसवणं), मध्ये दोन-तीन स्लॅक (सैल दोरीचे फटकारे), मग बोटावर ग्राइंड (फिरता यो-यो बोटावरून घसरवणं) आणि शेवट होरिझाँटलमध्ये (यो-यो आडवा फिरवणं). हाताला जे कळलं तेच खाली लिहितोय. ज्यांना अजून बाइंड करून, म्हणजे दोरीचा वेढा आत अडकवून, यो-यो परत आणता येत नाही त्यांच्या हे कामाचं नाही. त्यांनी खुशाल हजार-दीड हजाराचा घ्यावा आणि वर्षभर तो आपटावा.

आधी, ज्याचे जास्तीचे पैसे द्यायचं कारण नाही ते बाजूला काढू. आजचे स्पर्धेचे यो-यो, स्वस्त असोत की महाग, मापाने भाऊ-भाऊच असतात. व्यास साधारण ५४ ते ५८ मिलिमीटर, रुंदी ४२ ते ४८, वजन ६२ ते ६८ ग्रॅम. बेअरिंग बहुतेक सगळ्यांत सी साइजचं, म्हणजे आतलं छिद्र ६.३५, बाहेरचा व्यास १२.७ आणि जाडी ४.७६ मिलिमीटर. औद्योगिक भाषेत हेच आर १८८. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगच्या दुकानात 'यो-योचं बेअरिंग' मागितलंत तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. 'आर १८८' म्हणा. त्यात ग्रीस भरलेलं असतं, ते धुऊन काढावं लागतं. मधे खोलगट कड असलेलं, दोरीला मध्यावर ठेवणारं बेअरिंग मात्र तिथे मिळणार नाही, ते यो-योवाल्यांकडूनच घ्यायचं. आस म्हणजे एम ४ चा ग्रब स्क्रू (४ मिलिमीटर जाडीचा, डोकं नसलेला), तोही हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो. तेव्हा 'प्रीमियम बेअरिंगसह' अशा पाटीला भुलून चार हजार जास्त मोजू नका.

पैसे खरे जातात ते धातूत आणि तो धातू कुठे ठेवलाय त्यात. लहानपणी ज्याने भोवऱ्याला जाळी गुंडाळली आहे त्याला हे समजवावं लागत नाही. वजन जितकं मध्यापासून लांब, तितकी गिरकी जास्त टिकते. अंतर दुप्पट झालं तर जडत्व चौपट होतं. पण एकूण वजन ६५ ग्रॅमच्या आसपासच ठेवायचं असतं, नाहीतर अर्ध्या तासात बोट सुजतं. म्हणून प्रश्न एवढाच उरतो, की तेवढ्या वजनातलं कडेला किती नेता येईल. अ‍ॅल्युमिनियमची घनता घनसेंटिमीटरला २.७ ते २.८ ग्रॅम, टायटॅनियमची सुमारे ४.४, स्टेनलेस स्टीलची ८ च्या जवळपास. तिन्ही जातींचे स्वभाव या तीन आकड्यांतून येतात.

मोनोमेटल म्हणजे पूर्ण यो-यो एकाच अ‍ॅल्युमिनियमचा. त्यातही ६०६१ आणि ७०७५ असा भेद आहे. ७०७५ ची ताकद जवळपास दुप्पट, त्यामुळे मधली भिंत पातळ ठेवून धातू कडेला सरकवता येतो, आणि पडल्यावर पोचाही लहान येतो. ६०६१ ला कमी लेखू नका. २०१४ साली प्रागमध्ये जेंट्री स्टाइन 'वन ए'चा (एका यो-योने दोरीच्या करामती करायच्या प्रकाराचा) जगज्जेता झाला तो यो-यो-फॅक्टरी कंपनीच्या शटरवर, आणि शटर हा ६०६१ चा, पन्नास डॉलरच्या आतला यो-यो आहे. आमच्या चाचणीत मोनोमेटलने स्लॅकच्या भागात बाकी दोघांना मागे टाकलं. दिशा बदलताना तो हाताबरोबर येतो, ओढावा लागत नाही. शेवटच्या होरिझाँटलला पोचेपर्यंत मात्र त्याचा दम जायचा आणि तो कलायला लागायचा. पोराचा कॉम्बो नेमका तिथेच मोडत होता, हे त्यालाही त्या दिवशीच कळलं.

बायमेटलमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर स्टीलची कडी दाबून बसवलेली असते. यो-यो-रिक्रिएशनचा द्राउपनिर हे या जातीचं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. वजन इतकं कडेला गेलेलं असतं की थ्रो (सुरुवातीची फेक) थोडा वाकडा गेला तरी सांभाळून घेतो. होरिझाँटलमध्ये तर वाटतं, कोणीतरी खालून तबकडी धरून ठेवली आहे. स्पर्धेच्या अंतिम फेरीत तीन मिनिटं मिळतात आणि दोरीत गाठ बसून यो-यो बदलावा लागला की गुण कापले जातात. तिथे ही माफी फार मोलाची.

पण ही माफी फुकट मिळत नाही. जडत्व जास्त म्हणजे वळवायलाही जड. वेगवान स्लॅकमध्ये मला तो दरवेळी अर्ध्या मात्रेने मागे वाटला. एकदा हुकून मनगटाच्या हाडावर बसला, चार दिवस घड्याळ घालता आलं नाही. शिवाय बायमेटलची मला सवयही लागली, तीही वाईट. महिनाभर तोच फिरवल्यावर मोनोमेटल हातात घेतला तेव्हा माझे थ्रो किती वाकडे झालेत ते दिसलं. त्याने माझ्या चुका झाकल्या होत्या, सुधारल्या नव्हत्या.

आणि मुंबईची हवा. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना चिकटून असतील, वर घाम आणि खारा दमटपणा असेल, तर झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. गिरगावात राहत होतो तेव्हा एका पावसाळ्यात माझ्या बायमेटलच्या सांध्यावर पांढुरकी भुकटी धरली. खेळून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसून सिलिका जेलची पुडी टाकलेल्या डब्यात ठेवायला लागलो, तेव्हापासून त्रास नाही. ही कटकट नको असेल तर या जातीच्या वाट्याला जाऊ नका.

आता टायटॅनियम. गंज नाही, घामाची भीती नाही, ग्राइंड करताना बोटावरून रेशमासारखा सरकतो. दोरी आपटली की बारीक घंटेसारखा नाद येतो. हा नाद कामाचा काहीच नाही, पण एकदा कानात बसला की बाकीचे यो-यो मुके वाटतात. गच्चीच्या खरबरीत कोब्यावर कड घासली तर पांढऱ्या ठिणग्या उडतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या एकदाच पाहिल्या आणि मला दिवाळी संपल्याची आठवण करून दिली.

किमतीचं कारण मशीनिंगमध्ये आहे. टायटॅनियम उष्णता लवकर सोडत नाही, त्यामुळे लेथवर हत्यार तापतं आणि झिजतं, काम सावकाश करावं लागतं. म्हणून भाव सहज दोनशे डॉलरच्या पुढे जातो, चारशेपर्यंतही. या पैशांत खेळ मात्र बायमेटलपेक्षा सरस होत नाही. आमच्या कॉम्बोत तो दोघांच्या मधे बसला: होरिझाँटलला मोनोमेटलपेक्षा जास्त टिकला, बायमेटलपेक्षा कमी, स्लॅकमध्ये बायमेटलपेक्षा चपळ. ग्राइंडमध्ये तेवढा पहिला. हा हौसेचा धातू आहे आणि हौसेला मोल नसतं असं म्हणतात, पण बावीस हजार हे मोलच आहे. दोन्ही अर्धे भाग आवळताना आटे एकमेकांना धरून बसू शकतात, तेव्हा पान्हा मारल्यासारखं पिळू नका. फाइव्ह ए (दोरी बोटाला न बांधता तिच्या टोकाला वजन लावून खेळायचा प्रकार) खेळणाऱ्यांनी तर याचा विचारच सोडावा. त्यांचा यो-यो दोरीला बांधलेल्या वजनासकट सतत जमिनीवर येतो. त्यांना साधं प्लॅस्टिक किंवा डेलरिन हे टणक प्लॅस्टिक बरं.

जागेचाही विचार करा. दहा बाय बाराच्या खोलीत, वर पंखा, एका बाजूला टीव्ही आणि खाली मोझॅक असेल तर होरिझाँटल तुम्ही करणारच नाही, मग होरिझाँटलचा राजा घेऊन उपयोग काय? शिवाजी पार्कात, कट्ट्यापासून आत मातीवर खेळलं तर पोचे वाचतात, पण धूळ बेअरिंगमध्ये जाते. पावसाळ्यात पॉलिएस्टरची दोरीसुद्धा दमट हवेत जड वाटते आणि यो-यो नको तेव्हा वर उसळतो. जुलैत मी रोज दोरी बदलतो आणि बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब देतो. आवाज कमी होतो, गिरकी थोडी घटते, गंज धरत नाही. हा खर्च तिन्ही जातींना सारखाच.

बाहेरून मागवणार असाल तर छापील किमतीवर थांबू नका. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० वरून थेट ६० टक्क्यांवर नेलं होतं, आणि नंतरही दर बदलत गेले. मागवायच्या आठवड्यातला दर बघा, त्यात कुरिअरची हाताळणी धरा, मगच ठरवा. माझं एक पार्सल असं सुटलं की शुल्क भरल्यावर त्याच पैशांत इथल्या इथे वापरलेला बायमेटल आला असता.

वापरलेला घेताना पोचे मोजत बसू नका. जोरात थ्रो करून नख हळूच कडेला लावा, थरथर जाणवली तर आस काढून उलटी बसवून पुन्हा पाहा. कधीकधी वाकडा स्क्रूच कारण असतो. मग दोन्ही भाग हाताने उघडून आटे पाहा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की तो यो-यो पेपरवेट. '७०७५' म्हणून मला एकाने विकलेला यो-यो असाच निघाला. घाईत दादर स्टेशनच्या पुलावर व्यवहार केला होता, उघडून पाहिलाच नव्हता.

कॉम्बो शेवटी कलून मोडत असेल आणि थ्रो सरळ जातोय याची खात्री असेल, तर बायमेटल. थ्रोचीच खात्री नसेल, किंवा स्लॅक आणि वेग हा तुमचा खेळ असेल, तर चांगला ७०७५ मोनोमेटल, आणि मी स्वतः शंभरातल्या सत्तर जणांना हाच घ्यायला सांगेन. टायटॅनियम त्याने घ्यावा ज्याच्याकडे हे दोन्ही आधीच आहेत.

आमच्या पोराने माझा बायमेटल आठवडाभर नेला. परत देताना म्हणाला, "काका, थ्रो वाकडा जातोय माझा, हा फक्त लपवतो." मग साडेसात हजारांचा ७०७५ घेतला आणि शंभर दोऱ्यांचं एक बंडल. उरलेले पैसे बँकेत आहेत. टायटॅनियमचे फोटो मात्र रोज रात्री मला पाठवतो.