एका जुन्या घराची चार घरं: कामाचा अनुभव

आजोबांचं दुमजली घर पाडायचं नाही, पण त्यात चार भावंडांच्या कुटुंबांना स्वतंत्र राहता यावं, एवढीच आमची अट होती. ज्या आर्किटेक्ट बाई आणि कंत्राटदारांकडून हे काम करून घेतलं त्यांचं नाव लिहीत नाही, कारण एक तक्रारही आहे. राहायला येऊन दोन वर्षं झाली, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येईल.

खालच्या मजल्याला कायम ओल होती. आधी बघून गेलेल्यांनी वॉटरप्रूफिंगचा थर सुचवला होता. बाईंनी छिन्नीने हातभर गिलावा उडवला, आतल्या विटेवर अंगठा घासला आणि हातात आलेला भुगा मला दाखवला. भिंत चुन्यात बांधलेली, त्यावर मधल्या पिढीत कोणीतरी सिमेंट मारलेलं. चुन्यातून ओल हळूहळू बाहेर पडून वाळते. सिमेंटने ती वाट बुजली की पाणी विटेतच कोंडतं आणि त्यातले क्षार वीट आतून पोखरतात. मग सगळं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून प्रत्येक थरानंतर थांबायचं, ओली गोणपाटं लावायची. काम दोन महिने लांबलं. भाऊ वैतागला होता, पण आज त्याच्याच खोलीच्या भिंती कोरड्या ठणठणीत आहेत.

सुतारकामाला तर पैकीच्या पैकी गुण. तुळया मधे धडधाकट होत्या, भिंतीत शिरलेली टोकं तेवढी कुजली होती. अख्खी तुळई बदलणं सोपं पडलं असतं. यांनी कुजका भाग कापून नवं लाकूड तिरक्या सांध्याने जोडलं, पोलादी पट्ट्यांनी आवळलं आणि मुद्दाम रंगवलं नाही. भर घातलेला भाग एकूण वास्तूशी जुळावा, तरी मूळ भागापासून ओळखता यावा, असं जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत म्हटलं आहे, हे मला बाईंकडूनच कळलं. झोपताना तो सांधा मला रोज दिसतो. फिकट नवं लाकूड, काळसर जुनं, आणि मधे केस जाणार नाही अशी रेघ.

चारही स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं मागच्या बाजूला वर-खाली एका ओळीत घेतली. सगळे पाइप एकाच उभ्या डक्टमधून गेले, पुढच्या खोल्यांच्या भिंती फोडाव्या लागल्या नाहीत. लाकडी जिना चौघांना सामाईक, आग लागली तर बाहेर पडायची वाटही तीच. म्हणून जिन्याकडच्या जुन्या दारांच्या पातळ फळ्यांना घराच्या बाजूने आगरोधक बोर्ड लावला आणि चौकटीला धूर अडवणाऱ्या पट्ट्या बसवल्या. जिन्यातून बघाल तर दारं आजोबांच्या वेळचीच दिसतात.

आता तक्रार. प्लंबरने विचारल्याशिवाय एका तुळईच्या वरच्या कडेला, बरोबर मध्यावर, पाइपासाठी खोल खाच पाडली. वाकणाऱ्या तुळईवर सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या कडेलाच येतो. पाइप न्यायचाच होता तर उंचीच्या मध्यावर लहान भोक पाडायचं. बाईंनी तुळईच्या दोन्ही अंगांना लाकूड जोडून दिलं, पण तिथे त्या दिवशी देखरेखीला कोणीच कसं नव्हतं, याचं उत्तर मला मिळालं नाही.

आणि आवाज. छताच्या पोकळीत खनिज लोकर भरली, त्यामुळे वरच्यांचं बोलणं ऐकू येत नाही. पावलं मात्र सगळी ऐकू येतात. भाचा धावला की आमच्या डोक्यावरच धावतो. लाकडातून थेट उतरणारा धक्का लोकरीने थांबत नाही, त्यासाठी वरची जमीन लवचीक थरावर तुळयांपासून सुटी ठेवावी लागते. अंदाजपत्रकात हा थर होता, खर्च वाचवायला तो काढला गेला आणि त्यावर आम्हीही सही केली. त्याचा परिणाम काय होईल हे तेव्हा कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. तुमच्याकडे असं काम निघालं तर छत बंद करण्याआधी वर कुणाला तरी चालायला लावा आणि खाली उभं राहून ऐका.

पुढच्या महिन्यात वरच्या जमिनीच्या फळ्या उचलून तो थर घालायचा आहे. काम आम्ही याच लोकांना दिलंय. बाईंनी देखरेखीचे पैसे घ्यायला नकार दिला, आणि या वेळी फळ्या उचलण्यापासून परत बसेपर्यंत त्या स्वतः थांबणार आहेत.