स्लेव्ह व्हॉयेजेस: दोन शिक्षकांनी मिळून वापरावं असं संकेतस्थळ

अटलांटिकपार चाललेल्या गुलामांच्या व्यापारातल्या ३६,००० जहाजफेऱ्यांच्या नोंदी इथे मोफत पाहता येतात. इतिहास आणि गणिताच्या शिक्षकांनी एकत्र तास घ्यायचा तर हे साधन फारच भक्कम आहे.

घोळ हमखास होतो तो आकड्यांत. फेऱ्यांच्या यादीतली बेरीज आणि अंदाजांच्या विभागातला आकडा जुळत नाही, कारण यादीत फक्त कागदोपत्री सापडलेल्या फेऱ्या आहेत, तर अंदाजात हरवलेल्या नोंदीही हिशेबात धरल्या आहेत. तासाआधी दोघांनी एकच विभाग ठरवून घ्यावा. अंदाजानुसार सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली गेली, उतरली सुमारे १ कोटी ७ लाख. ही वजाबाकी फळ्यावर मांडून लगेच पुढे जाऊ नका. ती वाटेत मेलेली माणसं आहेत, हे गणिताच्या शिक्षकानेच थांबून सांगावं.

सगळ्यात मोलाचा भाग नावांचा. या व्यापारावर बंदी आल्यावर पकडलेल्या जहाजांवरून सोडवलेल्यांची नावं, वय, उंची फ्रीटाऊन (सिएरा लिओन) आणि हवानात (क्युबा) लिहून घेतली गेली. सुरुवात इथूनच करा.

उणीव एकच, पण मोठी: बाकीच्या बहुतेक नोंदी व्यापार करणाऱ्यांच्या कागदांतल्या. जोडीला गुलामगिरीतून सुटलेल्यांची आत्मकथनं हवीतच. ती भाषेच्या शिक्षकाकडे सोपवा.